क्रेडिट कार्डाचे पन्नास दिवस: बिनव्याजी उधारी कोणाला परवडते?

करंजी (पुणे)

आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. मी आणि माझ्या दोन जावा मिळून चालवतो. वर्षभर चकली, चिवडा, लाडू असं थोडं थोडं जात असतं, पण निम्म्याहून जास्त उलाढाल दिवाळीच्या आधीच्या महिन्यात होते. त्यातही कंपन्यांच्या ऑर्डरी मोठ्या. माल दिवाळीच्या आठवडाभर आधी पोचवायचा आणि पैसे येणार दिवाळीनंतर, कधी पंधरा दिवसांनी तर कधी तीन आठवड्यांनी. कच्चा माल मात्र महिनाभर आधी भरावा लागतो. म्हणजे दीड महिना आमचे पैसे तूप, काजू, खोबरं, साखर आणि डाळीत अडकलेले.

पूर्वी हा दीड महिना सासूबाईंच्या पाटल्या तारण ठेवून निभवायचो. अलीकडे यातला काही भाग क्रेडिट कार्डावर करतो. हे ज्यांनी कधी बारकाईने पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझ्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७. मी १८ सप्टेंबरला खरेदी केली तर पैसे ७ ऑक्टोबरला द्यायचे. तीच खरेदी १९ सप्टेंबरला केली तर ती पुढच्या बिलात जाते आणि पैसे द्यायचे ७ नोव्हेंबरला. एक दिवस थांबलं की १९ दिवसांची उधारी ४९ दिवसांची होते.

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. तूप आणि सुका मेवा आम्ही मुद्दाम १९ सप्टेंबरनंतर घेतला. कंपन्यांचे पैसे नोव्हेंबर उजाडता उजाडता आले, ७ तारखेच्या आत पूर्ण बिल भरलं. व्याज शून्य, वर कार्डाच्या खर्चावर बक्षीस म्हणून पॉइंट मिळाले ते वेगळेच.

२०२६ मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आहे. दिवाळी पुढे गेली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. खरेदी ९-१० ऑक्टोबरच्या सुमाराला होईल, ती १८ ऑक्टोबरच्या बिलात येईल आणि भरावी लागेल ७ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी! तोवर कंपन्यांचा एक रुपयाही हातात आलेला नसेल. तारीख पाळायची तर घरातली शिल्लक रिकामी करावी लागेल.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. पैसे कुठून आणि कोणत्या तारखेला येणार हे ऑर्डरच्या कागदावर लिहिलेलं असेल, तरच ही उधारी घ्यावी. घरात खर्चाला कमी पडतंय म्हणून कार्ड वापरणं ही वेगळी गोष्ट, आणि त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण आमच्यासारख्या हंगामी धंद्यात हे साधन नीट वापरलं तर सोनं तारण ठेवायची पाळी येत नाही. कोणी असं करत असेल तर अनुभव लिहा. हिशेबात काही राहून जात असेल तर तेही सांगा.

हिशेबनीस (कोल्हापूर)

करंजीताई, धागा फार उपयोगी आहे. एक प्रश्न. भुसार मालाचे व्यापारी कार्ड घेताना वर दीड-दोन टक्के लावतात. तुम्हाला लावत नाहीत का?

कारण तिथेच सगळा हिशेब फिरतो. समजा १,२०,००० रुपयांचा माल घेतला. दोन टक्के जादा म्हणजे २,४०० रुपये. ही ४९ दिवसांची किंमत झाली, वर्षाच्या दराने जवळजवळ १५ टक्के पडते. तेवढीच रक्कम ४९ दिवसांसाठी सोनेतारणावर १० टक्क्यांनी घेतली तर व्याज होतं १,६११ रुपये. मूल्यांकनाची फी धरली तरी बहुतेक वेळा सोनंच स्वस्त.

आणि रोखीच्या वटावाचं काय? रोख दिल्यावर व्यापारी एक टक्का सोडत असेल, तर कार्डावर घेताना तोही गेला. जादा दीड टक्का आणि गेलेला एक टक्का मिळून अडीच टक्के, म्हणजे ३,००० रुपये. पॉइंटांतून एक टक्का परत आला असं धरलं तरी १,८०० रुपये खिशातून गेले. बिनव्याजी म्हणताना हे सगळं मोजायला हवं.

करंजी

बरोबर आहे, हे मी वर लिहायला हवं तितकं स्पष्ट लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते. आमचे दोन प्रकारचे व्यापारी आहेत. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात डाळ, साखर, रवा, मैदा घेतो. तिथे कार्डावर जादा लावतात आणि रोखीला वटाव देतात, त्यामुळे तो माल नेहमी रोखीनेच. तूप आणि सुका मेवा ज्यांच्याकडून घेतो ते कार्डाला एक पैसाही जादा घेत नाहीत आणि रोखीला सूटही देत नाहीत. भाव दोन्हीकडे तोच, हे पक्कं बिल समोर ठेवून तपासलेलं आहे. तेवढाच माल कार्डावर.

शिवाय बायकांची मजुरी, गिरणीचे पैसे, भाजणी दळून आणणाऱ्याची रिक्षा, हे सगळं रोख लागतं. कार्डावर एकूण खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या आसपासच भाग बसतो. बाकी आमचं भांडवल.

पासबुक (ठाणे)

मी बँकेतून निवृत्त झालो. कार्ड विभागाशी रोजचा संबंध होता म्हणून काही गोष्टी कळकळीने लिहितो.

बिनव्याजी मुदत ही सवलत आहे आणि ती पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. पाच-दहा हजार मागे राहिले तर व्याज फक्त त्या पाच-दहा हजारांवर लागेल अशी पुष्कळांची समजूत असते. अनेक बँकांच्या अटींमध्ये जे उदाहरण छापलेलं असतं ते नीट वाचा. त्यात खरेदीच्या दिवसापासून, पैसे भरले त्या दिवसापर्यंत पूर्ण रकमेवर व्याज धरलेलं असतं आणि त्यापुढे उरलेल्या रकमेवर.

करंजीताईंचाच आकडा घेऊ. १९ सप्टेंबरला १,२०,००० ची खरेदी. ७ नोव्हेंबरला १,१५,००० भरले, ५,००० राहिले. दर महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५. ४९ दिवसांचं व्याज ७,२४९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,३०५ रुपये. एकूण साडेआठ हजार, आणि हे ५,००० रुपये मागे राहिल्यामुळे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नवीन खरेदीवर बिनव्याजी मुदत नाही. दूध-भाजी कार्डावर घेतली तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

आता दुसरी बाजू पाहा. ज्याच्याकडे मुदत ठेव आहे त्याला तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता, लागेल तेवढी उचल) मिळतो, साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त. साडेसात टक्के धरा. १,२०,००० वर ४९ दिवसांचे १,२०८ रुपये. म्हणजे कार्ड वापरून वाचले ते एवढेच. एका दिवाळीत बाराशे वाचतात आणि एका चुकीत साडेआठ हजार जातात. सात दिवाळ्यांची बचत एका तारखेला बुडते.

व्याजाला वरून मर्यादा असेल या भरवशावर कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला.

स्वयंचलित भरणा लावला असेल तर तो 'पूर्ण रक्कम' यावर आहे की 'किमान रक्कम' (बिलाचा छोटासा हिस्सा, बाकीच्यावर व्याज चालूच) यावर, हे आजच उघडून बघा. मी काउंटरवर असताना सगळ्यात जास्त रडवेली माणसं याच एका खुणेमुळे आलेली पाहिली आहेत. दर महिन्याला पैसे कापले जातायत म्हणून निर्धास्त असायची.

कपाशी (यवतमाळ)

पासबुककाका, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याकडचं पीककर्ज आठवलं. रचना तीच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य. ३१ मार्च चुकली की सवलत गेली.

मग काय होतं? मार्च अखेरीला गावात नवं-जुनं करायची धावपळ सुरू होते. सावकाराकडून किंवा कृषी केंद्रवाल्याकडून आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवीन मंजूर झालं की त्यातून सावकाराला द्यायचे. शेकड्यामागे दोन-तीन रुपये त्या आठ दिवसांचे. कागदावर कर्ज शून्य टक्क्याचं, पण शेतकऱ्याला ते तेवढ्याला पडत नाही. मुद्दल कधी कमीच होत नाही, दर वर्षी तेच पुढे ढकललं जातं. ज्या वर्षी नवीन कर्ज मंजूर व्हायला उशीर लागला, त्या वर्षी सावकाराचं व्याज महिन्यांनी मोजायची वेळ येते.

कार्डावर कार्ड फिरवणारे हेच करतात. एकाचं बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. माझ्या आतेभावाने कृषी अवजारांच्या दुकानासाठी हे सुरू केलं होतं. पावसाने महिनाभर ओढ दिली, विक्री थांबली आणि तिन्ही कार्डांच्या तारखा एकाच पंधरवड्यात आल्या. शेवटी ट्रॅक्टर विकून बंद केलं. करंजीताईंची दिवाळी पंचांगात ठरलेली असते. आमचा पाऊस ठरलेला नसतो. पावसावर अवलंबून असलेल्या धंद्यात कार्डाची उधारी घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

पॉइंटसंग्रह (मुंबई)

इथे पॉइंटांबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. मी हे बरीच वर्षं करतो आहे.

बहुतेक साध्या कार्डांवर एका पॉइंटची किंमत २० ते २५ पैसे असते. जाहिरातीतला आकडा पॉइंटांचा असतो, रुपयांचा नाही. रुपयांत मोजलं की परतावा अर्धा ते एक टक्का निघतो, चांगल्या कार्डांवर खास ठिकाणी त्याहून जास्त, पण त्याला महिन्याची कमाल मर्यादा. आणि पॉइंट कुठे मिळत नाहीत याची यादी दर वर्षी लांबत चालली आहे: इंधन, वॉलेट, भाडं, सरकारी भरणा. वीज-पाण्याच्या बिलांवर ठरावीक रकमेच्या पुढे एक टक्का उलट आपल्यालाच द्यावा लागतो.

घरभाडं कार्डाने भरून उधारी आणि पॉइंट दोन्ही मिळवायची पद्धत मध्यंतरी फार चालली. आधी बँकांनी त्यावर एक टक्का फी लावली. मग रिझर्व्ह बँकेने १५ सप्टेंबर २०२५ रोजी पेमेंट ॲग्रीगेटरांसाठी (ग्राहकाकडून पैसे घेऊन व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी) नवे निर्देश काढले. ज्या व्यापाऱ्याशी करार आणि ज्याची तपासणी झालेली आहे त्याच्यासाठीच पैसे गोळा करता येतील, असं ठरल्यावर मोठ्या ॲपनी ती सोय बंद केली. घरमालक हा काही नोंदणीकृत व्यापारी नसतो. भाड्याच्या जोरावर ज्यांनी कार्डावरच्या वर्षाच्या खर्चाचं उद्दिष्ट आखलं होतं त्यांचं गणित अर्ध्यात कोलमडलं.

म्हणून माझा नियम असा: जो खर्च होणारच होता तोच कार्डावर. वार्षिक फी माफ व्हायला खर्चात दहा हजार कमी पडतायत म्हणून मिक्सर घ्यायचा नाही. आणखी एक, वर्षभरात कार्डाची बिलं मिळून दहा लाखांवर गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. धंद्याचा खर्च वैयक्तिक कार्डावर करणाऱ्यांनी विवरणपत्र त्याच्याशी जुळतं आहे ना, हे बघावं.

ताळेबंद (नाशिक)

पॉइंटसंग्रह यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. धंद्याच्या खरेदीसाठी वेगळं कार्ड ठेवा, त्यावर घरचं वाणसामान नको. वर्षअखेरीला कागद लावताना डोकेदुखी वाचते.

करंजीताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कार्डाच्या बाहेर आहे. पैसे कधी द्यायचे याची तारीख तुम्ही पुढे ढकलू पाहताय. पैसे कधी येणार ती तारीख अलीकडे आणता येते. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. फराळ तुम्ही स्वतः बनवता, म्हणजे उत्पादक सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद होते. मग सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होतं.

व्याज मागायला छोटे लोक कचरतात, पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल अशी भीती असते, ते मी समजू शकतो. पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात बदल झाला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला या मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा करून मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या हिशेब विभागालाच घाई असते. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि ऑर्डर घेतानाच '१५ दिवसांत देय' असं लिहून घ्या. आमच्या काही ग्राहकांचे पैसे तेवढ्यानेच वेळेवर यायला लागले.

हिंजवडीवासी (पुणे)

माझा धंदा नाही, नोकरी आहे. पगार १ तारखेला होतो. महिन्याचा सगळा खर्च मी कार्डावर करतो आणि पगार झाला की आधीच्या महिन्याचं पूर्ण बिल भरतो. आजवर एकदाही व्याज लागलेलं नाही. पगारातले उरलेले पैसे महिनाभर लिक्विड फंडात (कधीही काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) असतात. यात काही धोका आहे का? मला तर हा सरळ फायदाच दिसतो.

पासबुक

व्याज लागलेलं नाही ही शिस्त आहे, तिचं कौतुकच आहे. पण एक प्रश्न स्वतःला विचारा. आज पगार झाला आणि कार्डाचं बिल भरलं, तर चालू महिन्याचा किराणा, प्रवास, मुलांची फी यांसाठी कार्डाला हात न लावता पैसे पुरतील का?

पुरत असतील, म्हणजे बिलाएवढी रक्कम तुमच्या फंडात खरोखरच पडून असेल, तर तुम्ही बँकेचे पैसे फुकट वापरताय. महिना ४०,००० च्या खर्चावर वर्षाला सहा टक्के धरले तर महिन्याचे २०० रुपये सुटतात. जरूर घ्या.

पुरत नसतील, तर तुम्ही एक महिना मागे आहात. मागच्या महिन्याचं जेवण या महिन्याच्या पगारातून चाललं आहे. पगार चालू आहे तोवर ते दिसत नाही. नोकरी गेली त्या महिन्यात एकाच वेळी दोन महिन्यांचे पैसे लागतात: मागचं बिल आणि चालू खर्च. २०२० च्या टाळेबंदीत मी असे किती तरी खातेदार पाहिले, ज्यांनी कधीही हप्ता चुकवला नव्हता आणि पहिल्याच महिन्यात किमान रकमेवर आले. त्यानंतर त्यांना बाहेर पडायला फार काळ लागला.

ओळखायला सोपी परीक्षा आहे. एखादा महिना सगळा खर्च डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने करून बघा. ओढाताण झाली तर आधी एक महिन्याची शिल्लक उभी करा.

हिंजवडीवासी

काका, फंडात पडून आहेत ते बिलाच्या निम्मेच. पुढचे काही महिने पॉइंटांचा विचार बाजूला ठेवून आधी ती रक्कम भरून काढतो.

जर्सीकर (न्यू जर्सी)

अमेरिकेत हा खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. इथे नवीन कार्डावर १२ ते २१ महिने शून्य टक्के व्याज मिळतं. दुसऱ्या कार्डाची थकबाकी उचलून या कार्डावर आणायची तर एकरकमी तीन ते पाच टक्के फी. बचत खात्यावर पाच टक्के मिळायचे त्या काळात लोक ही रक्कम बँकेत ठेवून वरचं व्याज कमवायचे. फी वाढली, ठेवींचे दर पडले, आणि त्यात राम उरला नाही.

पॉइंटांसाठी लोक कुठवर जातात याचं एक खरं उदाहरण. अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून दर्शनी किमतीला, घरपोच, टपालखर्च न घेता विकायला सुरुवात केली. लोकांनी कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवली, पेट्या न फोडता बँकेत जमा केल्या, त्याच पैशांतून बिल भरलं आणि विमानाचे मैल जमवले. २०११ मध्ये टांकसाळीने कार्डाने विक्री बंद केली.

पण सावध करायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. इकडच्या दुकानांच्या कार्डांवर 'बारा महिने व्याज नाही' अशी पाटी असते. मुदत संपताना दहा डॉलर जरी बाकी राहिले तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लागतं. इथे नव्याने आलेले आपले विद्यार्थी फर्निचर आणि लॅपटॉप घेताना यात सापडतात. शून्य टक्के खरोखरचे की साठवून ठेवलेले, हे सही करण्याआधी विचारायला हवं.

पॉइंटसंग्रह

भारतातही 'नो कॉस्ट ईएमआय'ची, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिल्या जाणाऱ्या हप्त्यांची, तीच तपासणी करावी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. त्यामुळे आता व्याज लागतं आणि तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपणच भरतो. आणि एकरकमी घेतल्यावर मिळणारी सूट सोडून दिली असेल तर ती खरी किंमत.

नवाउद्योग (सोलापूर)

मला मजुरीसाठी रोख रक्कम लागते. आमच्याकडे काही दुकानदार कार्ड स्वाइप करून अडीच टक्के कापून रोख देतात. एटीएममधून काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कोणी वापरलं आहे का?

ताळेबंद

वापरू नका. माल न देता बिल फाडणं हा खोटा व्यवहार आहे. कार्डाच्या अटींचा भंग होतो, कार्ड बंद होऊ शकतं, आणि त्या दुकानदाराची चौकशी लागली तर तुमचं नाव त्याच्या खोट्या विक्रीत येतं. तुमच्या वह्यांत न घेतलेल्या मालाची खरेदी दाखवावी लागेल, ते आणखी वाईट.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं हेही टाळाच. तिथे अडीच टक्क्यांच्या आसपास फी लागते आणि पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत नाहीच. मजुरीसाठी मुद्रा योजनेतली कॅश क्रेडिट मर्यादा (धंद्यासाठी लागेल तेव्हा उचलायचं कर्ज) बघा, किंवा पतसंस्थेचं सोनेतारण. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावर फक्त एक टक्का जादा दराने कर्ज मिळतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

हिशेबनीस

करंजीताईंच्या तारखांकडे परत येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. ती ८ करून घेतली तर ९ ऑक्टोबरची खरेदी ८ नोव्हेंबरच्या बिलात येईल आणि भरायची तारीख २८ नोव्हेंबर. पूर्ण ५० दिवस.

पण थांबा, २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. खरेदी २९ सप्टेंबरच्या आसपास. ८ तारखेच्या कार्डावर ती २८ ऑक्टोबरला भरावी लागेल, म्हणजे पुन्हा दिवाळीच्या तोंडावर. आत्ताच्या १८ तारखेच्या कार्डावर तीच ७ नोव्हेंबरला. दिवाळी दर वर्षी सरकते आणि हक्क एकदाच आहे असं धरून चाललेलं बरं. त्यापेक्षा एका जाऊबाईंच्या नावावर धंद्यासाठी वेगळं कार्ड असेल आणि त्याची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली असेल, तर दर वर्षी पंचांग बघून कुठल्या कार्डावर खरेदी करायची ते ठरवता येईल.

मोगरा (मडगाव)

एक भर. ज्यांना नजीकच्या काळात गृहकर्ज घ्यायचं आहे त्यांनी कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त बिल होऊ देऊ नये. जानेवारी २०२५ पासून बँका पतमाहिती (कोणाची किती उधारी आहे ही नोंद) पतमापन कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला पाठवतात. आमच्या घरी चतुर्थीच्या आधी दुकानासाठी मोठी खरेदी कार्डावर झाली आणि त्याच सुमारास भावाचा कर्जाचा अर्ज गेला. बिल मुदतीत भरलेलं होतं, तरी पतगुण (क्रेडिट स्कोअर) घसरलेले दिसले आणि बँकेने खुलासा मागितला. महिन्या-दीड महिन्यात ते पूर्ववत झाले, पण व्याजदर ठरायच्या वेळी ते नको असतं. ज्याच्या नावावर कर्ज काढायचं आहे त्याचं कार्ड धंद्याला वापरू नये.

करंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही तिघी काल रात्री हिशेबाची वही घेऊन बसलो. माझं कार्ड १८ तारखेचंच राहील. मोठ्या जाऊबाईंच्या कार्डाचं बिल ५ तारखेला होतं आणि भरायची तारीख २५. म्हणजे ९ ऑक्टोबरची खरेदी ५ नोव्हेंबरच्या बिलात जाईल आणि २५ नोव्हेंबरला भरायची, ४७ दिवस मिळतात. तारीख बदलायची गरजच नाही. त्यांच्यावर गृहकर्ज वगैरे काही नाही, मोगराताईंचा मुद्दाही सुटला.

कार्डावरची खरेदी ९०,००० च्या वर न्यायची नाही असं ठरलं. तेवढ्या रकमेची सासऱ्यांची मुदत ठेव आहे, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट आत्ताच मंजूर करून ठेवणार. वापरला नाही तर व्याज नाही. एखाद्या कंपनीचे पैसे अडकले तर २३ नोव्हेंबरला त्यातून बिल भरायचं, २५ ची वाट बघायची नाही. उद्यमची नोंदणी या आठवड्यात करतोय. ताळेबंददादा, बिलावर क्रमांक छापल्यावर जुन्या कंपन्यांना पत्रही पाठवावं लागेल का?

ताळेबंद

हो, पाठवा. नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून त्यांच्या खरेदी आणि हिशेब अशा दोन्ही विभागांना ईमेल करा, आणि पोच मागून घ्या. पुष्कळ कंपन्यांकडे पुरवठादारांच्या नोंदीत 'सूक्ष्म उद्योग' अशी खूण करायची असते, ती झाली की पुढच्या बिलापासून मुदत आपोआप मोजली जाते. दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत, ऑगस्टपर्यंत, हे उरका. त्यांच्याकडे नोंद बदलायला वेळ लागतो.

पासबुक

आणि २३ तारखेला भरताना यूपीआय किंवा नेट बँकिंगची एका दिवसाची मर्यादा किती आहे ते आधी बघून ठेवा. ९०,००० एका फटक्यात जात नसतील तर २२ पासून दोन हप्त्यांत भरा. तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत उशिराची फी लावता येत नाही असा नियम आहे, पण तो फक्त फीपुरता. व्याज तेव्हाही लागतं.